बालवादकाचा हात : देणगी की रियाझ?

(धर्मग्रामाच्या ज्युबिली समारंभात दिलेले व्याख्यान)



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली, तेव्हा विषय कोणता घ्यावा असा प्रश्न साहजिकच पडला. धर्मग्रामाचा इतिहास सांगण्यास आमच्याहून अधिकारी माणसे येथे बसली आहेत. म्हणून जो विषय आपल्या घरोघरी नित्य निघतो, परंतु ज्याचा शेवटपर्यंत विचार करण्यास कोणास सवड होत नाही, तोच आज आम्ही घेतला आहे. चार-पाच वर्षांचे मूल तबला किंवा ढोलकी वाजवीत आहे, बोटे दिसेनाशी होत आहेत आणि हात समेवर अचूक पडत आहे, असे दृश्य हल्ली मोबाईलच्या पडद्यावर वारंवार दिसते. ते पाहताच घरात दोन पक्ष पडतात. आजी म्हणते, ही देवाची देणगी, ती मागून मिळत नाही. काका म्हणतात, देणगी कसली, बापाने पहाटेपासून बसवून घासून घेतले असेल. वाद तेथेच थांबतो. आणि त्याच वेळी घरातले आपले मूल चमच्याने ताटावर ठेका धरते, त्यास मात्र गप्प बसण्यास सांगण्यात येते. हा वाद आज आम्ही थोडा पुढे नेऊ इच्छितो. कारण त्याच्या निकालावर त्या ताट वाजविणाऱ्या मुलाचे पुष्कळ काही अवलंबून आहे.

विषय आपल्या मुलखास परका नाही. आपल्या नारायणगावास तमाशाची पंढरी म्हणतात. यात्रांचा हंगाम जवळ आला की तेथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावची पंचमंडळी सुपारी देण्यास येतात. रात्री खेळ उभा राहिला म्हणजे आरंभी बोलते ती ढोलकी. तिला हलगी जबाब देते, आणि त्या दोघींच्या सवालजबाबावरून फड किती पाण्यात आहे हे जाणते लोक ओळखतात. ओतूरास बाबाजी चैतन्यांची समाधी आहे, आळ्यास ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी आहे. अशा ठिकाणच्या भजनात पखवाजाचा घोष असतो. आपल्या ख्रिस्तमंदिरातील मराठी गीतांसही ढोलकी-तबल्याची साथ आता परकी वाटत नाही. तात्पर्य, चर्मवाद्याचा नाद ज्याच्या कानी पडला नाही असे मूल जुन्नर व आंबेगाव या दोन तालुक्यांत सापडणे कठीण.

बालवादकाचे उदाहरण घेण्यासही फार दूर जावयास नको. मुंबईस 9 मार्च 1951 रोजी उस्ताद अल्लारखा यांच्या घरी पुत्र झाला. तेच पुढे जगद्विख्यात झालेले उस्ताद झाकीर हुसेन. त्यांच्या घरची एक हकीकत ते स्वतः अनेकदा सांगत. मूल दोन दिवसांचे असता, रीतीप्रमाणे पित्याने त्याच्या कानात प्रार्थनेचे शब्द सांगावयाचे होते. अल्लारखांनी सांगितले ते तबल्याचे बोल! माता रागावली, तेव्हा त्यांनी उत्तर केले की हीच आमची प्रार्थना. सातव्या वर्षाच्या सुमारास तालीम नेमाने सुरू झाली. पहाटे तीन वाजता बापलेक उठत आणि सहापर्यंत बसत. यातील बराच काळ हात तबल्यावर नसे; तोंडाने बोल म्हणणे, ते हातावर मोजणे, जुन्या उस्तादांच्या रचना कंठस्थ करणे यातच जाई. उजाडल्यावर तो मुलगा मदरशात कुराणपठणास जाई, तेथून ख्रिस्तमंदिरात प्रार्थनागीते गाण्यास, आणि मग शाळेत. ही शाळा म्हणजे माहीमचे सेंट मायकेल हायस्कूल. मुस्लिम घरातील एक बालक आपल्या पंथाच्या शाळेत शिकत होते आणि पहाटेचे बोल मनात घोळवीत आपलीच गीते गात होते, हे ऐकून आम्हांस संतोष वाटतो. सातव्या वर्षीच त्याने जाहीर मैफलीत साथ केली. बारा वर्षांचा होतो न होतो तो दौरे सुरू झाले. पुढे 1988 साली पद्मश्री, 2002 साली पद्मभूषण, 2023 साली पद्मविभूषण असे मान त्यांस मिळाले. आणि 2024 च्या फेब्रुवारीत एकाच रात्री तीन ग्रॅमी पारितोषिके लाभली. त्याच वर्षी 15 डिसेंबर रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे त्यांचे देहावसान झाले.

आता आजीचा पक्ष म्हणेल, पाहा, उस्तादाचा मुलगा उस्तादच व्हावयाचा. रक्तातच होते ते. काकांचा पक्ष म्हणेल, पाहा, पहाटे तीनपासून बैठक. दुसरे काय व्हावयाचे? एकच चरित्र दोन्ही पक्षांस साक्षीदार म्हणून उपयोगी पडते. मग निवाडा करावा कसा?

आमच्या मते उत्तराचा धागा त्याच घरात, परंतु मुलाच्या नव्हे, बापाच्या चरित्रात आहे. अल्लारखांचा जन्म 1919 साली जम्मूकडील फगवाल या खेड्यात झाला. त्यांच्या घरी तबल्याची परंपरा नव्हती. दोन दिवसांचे असता त्यांच्या कानात कोणी बोल सांगितले नाहीत. वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास तबल्याच्या नादाने ते वेडे झाले आणि घर सोडून पंजाब घराण्याचे मियाँ कादरबक्ष यांच्या पायाशी जाऊन बसले. म्हणजे ज्या वयात पुत्र मैफली गाजवू लागला, त्या वयात पित्याने श्रीगणेशा केला! तरीही अल्लारखांचे नाव तबल्याच्या इतिहासात पुत्राच्या नावाखाली दबून गेलेले नाही. जाणकार ते पहिल्या पंक्तीत घेतात. आरंभ लवकर झाला म्हणजेच मोठेपण येते असे म्हणणाऱ्यास हे उत्तर आहे. आणि घराणे असल्यावाचून कला येत नाही असे म्हणणाऱ्यासही हेच उत्तर आहे. पण आजीचाही मुद्दा अगदीच खोडला जात नाही. तबला तर फगवालच्या वाटेवर पुष्कळांनी ऐकला असेल; घर सोडून धावला तो एकच. ती ओढ कोणी शिकविली?

या प्रश्नावर विद्वानांनीही पुष्कळ खल केला आहे. 1869 साली इंग्लंडात फ्रान्सिस गाल्टन याने बुद्धिमत्ता ही वंशपरंपरेने येते असे प्रतिपादणारा ग्रंथ लिहिला. त्याच्या उलट टोकाचे संशोधन 1993 साली अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले. बर्लिनच्या संगीत विद्यालयातील व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांचे त्यांनी तीन गट केले: अत्युत्तम, चांगले, आणि शाळाशिक्षक होऊ पाहणारे. अठराव्या वर्षापर्यंत एकट्याने केलेला सराव मोजता पहिल्या गटाचा सरासरी 7,410 तास, दुसऱ्याचा 5,301 तास, आणि तिसऱ्याचा 3,420 तास भरला. माहीमच्या त्या मुलाचे गणित आपणही करू शकतो. सातव्या वर्षापासून रोज तीन तास, खंड न पडता, असे धरले तर अकरा वर्षांत बारा हजार तास होतात! काकांचा पक्ष येथे टाळ्या पिटील.

परंतु पुढे काय झाले तेही ऐकावे. 2014 साली अशा अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून पाहण्यात आले, तेव्हा संगीतातील एकाची व दुसऱ्याची जी तफावत असते, तिच्यापैकी सुमारे 21 टक्के तफावतीचाच उलगडा सरावाने होतो असे आढळले. त्याच वर्षी स्वीडनमधील दहा हजारांहून अधिक जुळ्या भावंडांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की सराव करण्याची प्रवृत्ती हीच बऱ्याच अंशी उपजत असते. आणि एकसारख्या जुळ्यांपैकी एकाने पुष्कळ अधिक सराव केला, तरी सूर व ताल यांतील सूक्ष्म भेद ओळखण्यात तो दुसऱ्याच्या पुढे गेला नव्हता. आजीने हसावे असाच हा निष्कर्ष. तथापि तेथे परीक्षा कानाची झाली, हाताची नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. भेद ओळखणारा कान उपजत असला, तरी बोटांतून स्वच्छ बोल निघण्यास बोटेच झिजवावी लागतात. असो. शास्त्राचा आजवरचा कौल कोणत्याही एका पक्षास पूर्ण विजय देत नाही, एवढे निश्चित.

येथे रियाझ म्हणजे काय, हे थोडे उकलून सांगणे अगत्याचे आहे. कारण तासांच्या बेरजेस पुष्कळ लोक रियाझ समजतात. जाणता गुरू शिष्याच्या हातास आधी घाई करू देत नाही. बोल प्रथम जिभेवर, मग बोटांवर. एखादा कायदा प्रथम इतक्या संथ लयीत वाजवावयाचा, की प्रत्येक आघात सुटा ऐकू यावा. मग त्याच मात्रांत दुप्पट, मग चौपट. चौपटीत एक अक्षर जरी पुसट झाले, तरी पुन्हा मूळ संथ लयीत परतावयाचे आणि तेथे ते अक्षर घासावयाचे. जे येते ते वाजवून दाखविणे म्हणजे करमणूक. जे येत नाही त्यापाशी पुनःपुन्हा परत येणे म्हणजे रियाझ. तबलजींमध्ये 'चिल्ला' नावाचे एक व्रत आहे: चाळीस दिवस जगापासून अलिप्त राहून केवळ वादन करावयाचे. आपल्या उपवासकाळाच्या चाळीस दिवसांशी परिचय असलेल्या श्रोत्यांस यातील मर्म निराळे सांगावयास नको. हात बळकट होतो हा तर लाभ आहेच. परंतु आपल्यास काय येत नाही हे माणसास निःसंशय कळते, हा त्याहून मोठा लाभ होय.

म्हणूनच लहान वयातील चमत्कार हा शेवट नसून केवळ आरंभ आहे. याचे मराठी मुलखास सुपरिचित असे उदाहरण कुमार गंधर्वांचे. बेळगावकडील सुळेभावी येथे 1924 साली जन्मलेले हे बालक ग्रामोफोनच्या तबकड्या ऐकून थोर गवयांची गायकी हुबेहूब गाऊन दाखवी, आणि श्रोते थक्क होत. परंतु तेवढ्यावर न थांबता ते मुंबईस प्रोफेसर बा. र. देवधर यांजकडे आले आणि अनेक वर्षे विद्यार्थी म्हणून राहिले. पुढे क्षयाने गाठले. देवासला कित्येक वर्षे गाणे बंद ठेवून पडून राहावे लागले. त्या सक्तीच्या मौनात माळव्याची लोकगीते त्यांच्या कानी पडत राहिली, आणि उठल्यावर ते जे गायिले ते कोणाची नक्कल नव्हते. दहाव्या वर्षी ज्यांनी टाळ्या वाजविल्या, त्यांना हे दिसणे शक्य नव्हते. अनेक बालकलावंत टाळ्यांतच संपतात. जो विद्यार्थी राहतो तोच वाढतो. अल्लारखांचाही पुत्रास हाच उपदेश होता, की उस्ताद होण्याच्या मागे लागू नये, चांगला विद्यार्थी राहावे.

येथवर देणगी आणि रियाझ या दोघांचाच विचार झाला. परंतु आम्हांस आज मुख्यत्वे जे सांगावयाचे आहे ते तिसऱ्याविषयी. पहाटे तीन वाजता मूल उठले खरे. पण त्याच्याबरोबर कोण उठले? बाप उठला. घर सोडून आलेल्या बारा वर्षांच्या पोराची ओढ खरी. पण दार कोणी उघडले? मियाँ कादरबक्षांनी. देणगी मुलाची, श्रम मुलाचे. परंतु जागा करून देणारे माणूस मुलाचे स्वतःचे नसते. ते कोणी तरी व्हावे लागते. देणगी की रियाझ, हा वाद घालताना आपण हे तिसरे माणूस विसरतो, आणि ते विसरणे आपल्या सोयीचे असते. देणगी म्हटले की देवावर सोपविता येते. रियाझ म्हटले की मुलावर सोपविता येते. आपल्यावर काहीच उरत नाही.

हे आपल्या दाराशीच ताडून पाहावे. नारायणगावच्या भाऊ-बापू मांग यांच्या फडात 1935 साली जन्मलेल्या विठाबाई वाढल्या. वडील भाऊ आणि चुलते बापू यांच्या खेळात त्या लहानपणापासून उभ्या राहिल्या. ढोलकीच्या बोलावर पाऊल कसे टाकावे हे त्यांस कोणत्या शाळेने शिकविले नाही. पुढे महाराष्ट्राने त्यांस तमाशासम्राज्ञी म्हटले, राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. तथापि अखेरची वर्षे हलाखीत जाऊन 2002 साली त्यांचे निधन झाले. राहुटीच्या कनातीमागे ढोलकीपाशी झोपणारी, बोलू लागण्यापूर्वी ठेका धरणारी मुले फडाफडांत होती. साल्झबर्गचा मोझार्ट सहाव्या वर्षी राजदरबारी वाजवू लागला, तर जगाने त्यास अद्भुत बालक म्हटले. कनातीमागच्या पोरास मात्र आपण तमासगिराचे पोर म्हणालो. हात तसाच चालत असेल. फरक पाहणाऱ्याच्या डोळ्यांत होता. जातीने आणि दारिद्र्याने आपल्या डोळ्यांवर जी झापडे बांधली, त्यांपायी किती देणग्या आपण ओळखल्याच नाहीत, याचा हिशेब आता कोणास लागणार?

मुलींच्या बाबतीतही तोच प्रकार. मोझार्टची थोरली बहीण मारिया आना हीही बालपणी त्याच्याबरोबर युरोपभर वाजवीत फिरली आणि वाखाणली गेली. परंतु वयात येताच तिचे दौरे थांबले, भावाचे चालू राहिले. आपल्याकडे तबला हे पुरुषाचे वाद्य असा समज फार काळ होता. मुंबईच्या डॉ. आबान मिस्त्री यांनी तो समज मोडून स्वतंत्र तबलावादन केले. अशा स्त्रियांत त्यांची गणना अगदी आरंभी होते. आजही गावात ढोलकीचा वर्ग निघाला, तर पालक मुलास पाठवितात आणि मुलीस टाळ देतात. मुलीच्या हातास ताल नाही असे त्यांनी पारखून ठरविले काय? मुळीच नाही. पारखण्याची वेळच येऊ दिली नाही.

या ठिकाणी शुभवर्तमानातील एका दृष्टान्ताचे स्मरण होते. उपजत गुणास इंग्रजीत 'टॅलेंट' म्हणतात, आणि आता मराठीतही तो शब्द रुळला आहे. मुळात ते एका वजनाचे व त्या वजनाच्या धनाचे नाव. गुण हा अर्थ त्यास मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायातील दृष्टान्तावरून आला. धनी एका चाकरास पाच तालांत देतो, दुसऱ्यास दोन, तिसऱ्यास एक. वाटणी सारखी नाही, हे दृष्टान्त लपवीत नाही; आजीचा पक्ष तेथे मान्य झाला आहे. परंतु धनी परत आल्यावर पाचांचे दहा करणाऱ्यास आणि दोहोंचे चार करणाऱ्यास ज्या शब्दांनी गौरवितो, ते शब्द दोघांसही अगदी सारखेच आहेत. किती मिळाले यावरून शाबासकी ठरली नाही, काय केले यावरून ठरली; येथे काकांचाही पक्ष मान्य झाला. आणि दोष कोणास लागला? ज्याने भिऊन आपला तालांत जमिनीत पुरला त्यास. आमची एवढीच पुस्ती, की लहान मुलाचा तालांत मूल स्वतः पुरीत नाही. ते काम बहुधा वडील माणसेच करतात.

तेव्हा आपण करावे काय? प्रथम, मूल ठेका धरू लागले तर त्यावर घाईने अद्भुत बालक असा शिक्का मारू नये, आणि त्यास गप्पही बसवू नये. थोडे दिवस त्याच्या शेजारी बसून ऐकावे. दुसरे, मुलाची इच्छा विचारावी. बापाच्या हौसेसाठी पहाटे उठविलेले मूल आणि स्वतःच्या ओढीने उठलेले मूल, या दोघांच्या हातांत दहा वर्षांनी फार अंतर पडते. तिसरे, मुलास चांगला गुरू पाहून द्यावा आणि व्यासपीठ उशिरा द्यावे. गावजेवणात, लग्नमंडपात, पडद्यावर त्याचे प्रदर्शन मांडून मिळणारी वाहवा ही गोड असली तरी पोषक नसते. शाळा आणि झोप यांवर घाला पडू देऊ नये. बर्लिनच्या त्या अत्युत्तम वादकांची झोपही शाळाशिक्षक होऊ पाहणाऱ्यांहून अधिक भरली होती, हे आवर्जून सांगतो. चौथे, ज्या घरात वाद्य घेण्याची ऐपत नाही, तेथील मुलासाठी गावाने, शाळेने, धर्मग्रामाने एक ढोलकी, एक तबलाजोडी आणि आठवड्यातून एक जाणता शिक्षक एवढी सोय ठेवावी. ज्युबिलीच्या खर्चात ही रक्कम मोठी नाही. आदिवासी वाडीवरून वसतिगृहात आलेले मूल असो, फडातले असो, शेतमजुराचे असो, ते दार त्यास उघडे असावे. आणि मुलासाठी उघडे असेल तेवढेच मुलीसाठी.

या साऱ्यातून दुसरे झाकीर हुसेन निघतीलच असे आश्वासन आम्ही देत नाही, आणि कोणी दिले तर आपण त्यावर विश्वास ठेवू नये. बहुतेक मुले चांगली साथ करणारी होतील, काही नुसती कानसेन होतील. आणि तेही थोडे नव्हे, कारण जाणत्या श्रोत्यांवाचून वादक जगत नाही. परंतु ज्या एखाद्या मुलास मोठी देणगी लाभली असेल, त्याचा हात आपल्या दुर्लक्षाने थंड पडला असे तरी होणार नाही. देणगी कोणास द्यावी हे आपल्या हाती नाही. रियाझ मुलानेच करावयाचा आहे. दार उघडणे मात्र आपल्या हाती आहे, आणि या ज्युबिलीच्या वर्षी ते उघडावे अशी आपणां सर्वांस नम्र विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.